नगरपालिकेची जुनी इमारत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांत बाजारपेठेच्या तोंडाशी किंवा मामलेदार कचेरीच्या आसपास एक जुनी दगडी किंवा विटांची इमारत असते. तिला कुणी 'म्युन्शिपाल्टी' म्हणतं, कुणी 'जुनी नगरपालिका', कुणी नुसतंच 'पालिका'. कारभार नव्या इमारतीत गेला तरी रिक्षावाल्याला खूण सांगायला जुनीच लागते. अशा इमारतीचा इतिहास लिहायला निघालेल्या शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे, निवृत्त मंडळींचे आणि क्वचित एखाद्या नगरसेवकाचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

दर्शनी भागावर 'स्थापना 1865' असं लिहिलं आहे. म्हणजे इमारत 1865 ची का?

बहुधा नाही. तो संस्थेचा जन्म आहे, इमारतीचा नव्हे. ही गल्लत इतक्या ठिकाणी होते की शताब्दीच्या स्मरणिकांतही ती छापली जाते.

1850 च्या 26 व्या कायद्याने ब्रिटिश अंमलाखालच्या गावांना नगरपालिका स्थापन करण्याची मुभा मिळाली. मुंबई इलाख्यात तिचा वापर लवकर झाला. पनवेल आणि सोलापूर 1852, सातारा 1853, पंढरपूर 1855 अशी ही जुनी नावं. पण तेव्हाची नगरपालिका म्हणजे सरकारने नेमलेली एक कमिटी. तिच्या डोक्यावर कलेक्टर किंवा प्रांत अधिकारी, कामाला एखादा कारकून, दोन-चार शिपाई, दिवे लावणारे आणि झाडणारे. एवढ्यासाठी वेगळी इमारत कोण बांधणार? कमिटी मामलेदार कचेरीत, चावडीवर किंवा भाड्याच्या वाड्यात बसायची. संस्था आणि इमारत यांच्या वयात वीस, तीस, कधी पन्नास वर्षांचंही अंतर पडू शकतं. म्हणून पहिला शोध 'इमारत कधी बांधली' याचा नको. आधी 'त्यापूर्वी कचेरी कुठे होती' ते पाहा. उत्तर सहसा जमाखर्चात भाड्याच्या रकमेसमोर सापडतं, आणि ज्या वर्षी ते भाडं बंद झालं त्या वर्षाशी तुमची इमारत उभी असते.

मग इमारती साधारण कधी बांधल्या गेल्या?

नेमकं उत्तर गावागणिक वेगळं, पण मागे काही ठळक टप्पे आहेत. 18 मे 1882 ला व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि त्याच्या पाठोपाठ मुंबई इलाख्यात 1884 चा जिल्हा नगरपालिका कायदा झाला. निवडून आलेले सभासद आले, म्हणजे निवडणूक आली, सभा आल्या, भांडणं आली आणि बसायला सभागृह लागलं. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचे 1887 आणि 1897 चे महोत्सव आणि 1911 चा दिल्ली दरबार ही पाटी लावायला मिळालेली निमित्तं. 1901 च्या कायद्याने नगरपालिकांचे अधिकार आणि कामं अधिक नीट बांधली गेली. 1925 च्या कायद्याने मोठ्या गावांना 'बरो म्युनिसिपालिटी'चा दर्जा मिळाला, खाती वाढली, टेबलं वाढली. आज आपण जिला एक इमारत समजतो तिचा मागचा भाग किंवा वरचा मजला अनेकदा या काळातला असतो.

उलट बाजूही पाहायला हवी. 1876 ते 1878 चा दुष्काळ, 1896 पासूनची प्लेगची साथ, 1899-1900 चा, म्हणजे संवत 1956 चा, छप्पन्नचा दुष्काळ. या वर्षांत तिजोरीतला पैसा पाण्याकडे, औषधांकडे आणि गावाबाहेरच्या झोपड्यांकडे वळणं साहजिक होतं. मंजूर होऊनही दहा वर्षं रखडलेली इमारत दिसली तर लगेच 'राजकारण' असा शेरा मारू नका. आधी ती वर्षं तपासा.

कोनशिलेवर तारीख आहे. ती तरी पक्की मानावी ना?

कोनशिला हा समारंभाचा पुरावा असतो. अमुक दिवशी अमुक साहेबांच्या हस्ते दगड बसला, एवढंच ती सांगते. काम त्याआधीच जोत्यापर्यंत आलेलं असू शकतं, किंवा साहेब घोड्यावरून निघून गेल्यावर दोन वर्षं पायाच्या चरांत गवत उगवलेलं असू शकतं. 'पायाभरणी' आणि 'उद्घाटन' असे दोन्ही दगड असतील तर मधला काळ कळतो. एकच असेल तर तो कोणता, हे शब्दशः वाचा.

दुसरी अडचण जागेची. डागडुजीत जुने दगड उचलून दुसऱ्या भिंतीत बसवतात. 1897 चा संगमरवरी फलक 1960 नंतरच्या सिमेंटच्या भिंतीत दिसला तर फलक खरा आणि भिंत नवी.

आणि तिसरं म्हणजे नावं. फलकावर गव्हर्नर, कलेक्टर, नंतरच्या काळात मंत्री. इमारत ज्याने उभारली तो गवंडी, पाथरवट, सुतार, कंत्राटदार तिथे नसतो. त्यांची नावं निविदांच्या आणि बिलांच्या कागदांत असतात. माझ्या मते कुठल्याही जुन्या पालिकेच्या इतिहासातलं निम्मं काम त्या नावांपर्यंत पोचण्याचंच आहे.

एवढा पैसा आला कुठून?

मुख्यतः जकातीतून. गावात येणाऱ्या धान्य, गूळ, तेल, तूप, कापड, सरपण अशा मालावर वेशीपाशी, नाक्यावर कर घेतला जायचा. घरपट्टी होतीच, पण ती वसूल करणं म्हणजे शेजाऱ्याच्या दारात उभं राहणं, आणि सभासदच त्या शेजाऱ्यांतले. जकात मात्र परगावच्या गाडीवानाकडून वसूल होते आणि हळूच मालाच्या भावात मिसळते. त्यामुळे ती राजकीयदृष्ट्या सोयीची आणि गरिबाला सर्वांत जाचक. दगडी कमानीचं कौतुक करताना ती बैलगाडीमागे घेतलेल्या आण्या-पैशांवर उभी आहे हे विसरू नये. जकात पुढे टप्प्याटप्प्याने बंद झाली. मुंबईत ती वस्तू आणि सेवा कर लागू होईपर्यंत, म्हणजे 1 जुलै 2017 पर्यंत टिकून होती. लहान शहरांतली जकात त्याआधीच गेली होती, पण जुने जकात नाके बसथांब्यांची नावं म्हणून अजून शिल्लक आहेत.

जकातीखेरीज सरकारी कर्ज, सरकारी अनुदान आणि देणग्या. 1914 चा स्थानिक संस्थांच्या कर्जाचा कायदा झाल्यावर कर्जाचे कागद अधिक व्यवस्थित सापडतात. देणगी असेल तर सभागृहाला व्यापाऱ्याच्या वडिलांचं किंवा आईचं नाव असतं. मात्र 'अमुक शेटजींनी इमारत बांधून दिली' हे वाक्य जमाखर्चाशी ताडून पाहिल्याशिवाय लिहू नका. पुष्कळदा देणगी सभागृहापुरती आणि बाकीचा खर्च गावाचा असतो.

खर्चाच्या बाबतीत एक अवांतर गोष्ट. मुंबई महापालिकेची 1893 मध्ये पूर्ण झालेली, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली इमारत मंजूर रकमेपेक्षा स्वस्तात झाली. मंजुरी होती 11,88,082 रुपयांची, खर्च आला 11,19,969. शिल्लक 68,113 रुपये. तुमच्या गावच्या कागदांत असं काही सापडलं तर दोनदा बेरीज करून पाहा आणि मग ठळक अक्षरांत छापा.

'नगरपालिका' बरोबर की 'नगरपरिषद'?

बोलताना नगरपालिका, कायद्यात नगरपरिषद. 1965 च्या महाराष्ट्र अधिनियमाने सगळ्या राज्याला एकच कायदा दिला आणि 'नगरपरिषद' हा शब्द पाट्यांवर आला. त्याआधीच्या काळाबद्दल लिहिताना नगरपालिका किंवा म्युनिसिपालिटी लिहावं.

आमचं गाव संस्थानात होतं. आमच्याकडेही हेच लागू पडतं का?

पूर्ण नाही. सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत, सावंतवाडी अशा संस्थानांत नगरपालिका दरबारच्या हुकुमाने चालायची, आणि इमारतीचा कागद नगरपालिकेपेक्षा दरबारच्या दफ्तरात सापडण्याची शक्यता जास्त. दख्खनची संस्थानं 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर 1949 मध्ये. विलीनीकरणाच्या धांदलीत दफ्तरं कुठून कुठे गेली हा स्वतंत्र शोध आहे. शिवाय संस्थानातली आजची पालिका पूर्वी राजवाड्याचा भाग, पागा किंवा दरबारी कचेरी असू शकते.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तिथले कागद बरेचसे उर्दूत आणि साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेतलं. विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात, तिथे 1922 चा वेगळा कायदा. म्हणून पुणे-सातारा भागातल्या एखाद्या चांगल्या पुस्तिकेचा सांगाडा उचलून परभणीला किंवा अकोल्याला लावला की सगळीच वर्षं चुकतात. तिथे '1884 चा कायदा' शोधत बसू नये.

टाऊन हॉल आणि नगरपालिका एकच का?

कधी एक, कधी नाही. कोल्हापूरचा टाऊन हॉल 1872 ते 1876 या काळात चार्ल्स मँटच्या आराखड्यानुसार बांधला गेला, सभा-समारंभांसाठी. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे. लहान गावात मात्र एकाच छपराखाली सभागृह, कचेरी, वाचनालय आणि मागच्या आवारात कोंडवाडा असंही असायचं. आजोबा 'टाऊन हॉल' म्हणत असतील तर त्यांना नेमकी कोणती खोली म्हणायची आहे, ते विचारून घ्या.

मूळ कागद कुठे मिळतील?

सर्वांत आधी पालिकेतच. मागायच्या गोष्टी तीन: सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं (जुने लोक 'ठरावबुक' किंवा 'प्रोसिडिंग बुक' म्हणतात), वार्षिक जमाखर्च, आणि स्थावर मालमत्तेची नोंदवही. सरकारी दफ्तराच्या वर्गवारीत 'अ' वर्गातले कागद कायम जपायचे असतात, 'ब' वर्गातले 30 वर्षं. बांधकामाची बिलं कायमच्या वर्गात गेली नसतील तर ती केव्हाच गेलेली असतात. त्यामुळे बिलांवर आशा ठेवण्यापेक्षा बिल मंजूर करणारा ठराव शोधा. कंत्राटदाराचं नाव तिथे असतं, आणि बिल अडवलं असेल तर का अडवलं तेही.

तोंडी विचारून दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार. 2005 च्या कायद्याने अर्ज करा, महाराष्ट्रात शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्याच्या कलम 8(3) नुसार वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती काही मोजके अपवाद सोडले तर नाकारता येत नाही. हे कलम अर्जात लिहिलं की बरं पडतं. मात्र 'इमारतीचा इतिहास द्यावा' असा अर्ज करू नका. इतिहास तयार करून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, असलेला कागद दाखवणं आहे. 'अमुक ते अमुक सालच्या सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तांचं अवलोकन करू द्यावं' असं लिहा. आणि अर्जाआधी एकदा चहा पिऊन या. आवक-जावक सांभाळणाऱ्या कारकुनाला कुठल्या कपाटावर कुठलं बासन आहे ते ठाऊक असतं, आणि हे ज्ञान कुठल्याच नोंदवहीत नसतं.

पालिकेबाहेर भूमी अभिलेख कार्यालय. सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका मिळते आणि जागा कुणाच्या नावावर आहे ते कळतं. जमीन सरकारची, इमारत पालिकेची, असा प्रकार निघाला तर दचकू नका. मुंबईचं पुराभिलेख संचालनालय, तसंच पुणे आणि कोल्हापूरची पुराभिलेखागारं इथे सरकारशी झालेला पत्रव्यवहार सापडू शकतो.

छापील साधनांत जेम्स कॅम्बेलने संपादित केलेली मुंबई इलाख्याची गॅझेटियरं आहेत: रत्नागिरी 1880, नाशिक 1883, सोलापूर आणि अहमदनगर 1884, सातारा आणि पुणे 1885. त्यांत प्रत्येक नगरपालिकेचं उत्पन्न, खर्च आणि हाती घेतलेली कामं दोन-चार ओळींत येतात. वर्तमानपत्रांत 'ज्ञानप्रकाश', 'केसरी', 'दीनबंधु' आणि तुमच्या जिल्ह्यातली साप्ताहिकं. साप्ताहिकांना पालिकेतल्या भांडणांत रस होता, त्यामुळे ठरावात जे गाळलं गेलं ते तिथे हमखास येतं. अर्थात संपादक कोणत्या गटाचा होता तेही शोधावं लागतं.

कागद मोडीत आहेत, तारखा शके किंवा फसलीत, रकमा विचित्र. काय करायचं?

मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कचेऱ्यांत चालू होती. वाचायला शिकण्यात लाज नाही आणि फार अवघडही नाही, पण नगरपालिकेच्या कारकुनाची मोडी ही घाईची मोडी असते. पहिल्या दहा पानांसाठी जाणकार सोबत घ्या. त्यानंतर तेच तेच शब्द येतात: मंजूर, सबब, तहकूब, सर्वानुमते.

शके सालात 78 मिळवले की इसवी सन मिळतं, चैत्राआधीच्या तीन महिन्यांपुरते 79. हैदराबाद राज्याच्या फसलीत 590 मिळवा. 1340 फसली म्हणजे 1930-31. ते वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यामुळे एका वर्षाची चूक सहज होते.

रकमा रुपये-आणे-पै अशा तीन रकान्यांत. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. 1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणी आली. '4312-7-9' ही रक्कम कुणी चार लाख एकतीस हजार वाचल्याचं ऐकलं आहे, म्हणून हे सांगणं आलं.

कागदच नसतील तर इमारतीकडे पाहून वय सांगता येतं का?

अंदाज बांधता येतो, आणि या कामात मजाही आहे. नियम एकच: एखादी वस्तू अमुक सालाच्या आधीची असूच शकत नाही, एवढंच तिच्यावरून ठरवायचं. ती नंतर बसवलेली असू शकते.

छपरापासून सुरुवात करा. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात काढला. त्याआधीचं छप्पर असेल तर ते नळीच्या गावठी कौलांचं. मंगलोरी कौल उलटं करून पाहिलं की पाठीवर कारखान्याचं नाव ठशात असतं. छपराच्या दुरुस्तीच्या वेळी उतरवलेल्या कौलांतली चार-पाच बाजूला ठेवायला सांगा, नाहीतर ती ढिगाऱ्यात जातात. एकाच छपरात तीन-चार कारखान्यांची कौलं सापडली तर तितक्या वेळा डागडुजी झाली असावी.

मग तुळया. सागवानी तुळया आणि त्यांवर फळ्यांची तक्तपोशी हा जुना प्रकार. लोखंडी तुळया आणि त्यांच्या मध्ये विटांच्या बुटक्या कमानी दिसल्या तर काळ थोडा पुढचा. लोखंडी तुळईच्या अंगावर बनवणाऱ्याचं नाव उठवलेलं असतं. विलायती कंपनीचं नाव असेल तर फार काही ठरत नाही, पण 'टाटा' असेल तर ती 1912 नंतरचीच, कारण टाटांच्या कारखान्यात पोलाद तेव्हापासून निघू लागलं. रंगाचे थर चढल्याने अक्षरं बुजतात. बॅटरीचा झोत तिरपा धरला की सावलीत उमटतात.

भिंती काळ्या दगडाच्या आणि चुन्याच्या असतील तर चुना नखाने खरवडून पाहा, म्हणजे पडलेल्या तुकड्याचा, भिंतीचा नव्हे. बैल जुंपलेल्या घाण्यात मळलेल्या चुन्यात वाळूचे आणि विटांच्या भुकटीचे कण दिसतात. भारतात सिमेंट पोरबंदरला 1914 पासून व्यवस्थित तयार होऊ लागलं, लहान गावांत ते सर्रास पोचायला आणखी काळ गेला. फरशी शहाबादी आहे की रंगीत नक्षीची सिमेंटची, तेही पाहा. मुंबईची भारत टाइल्स 1922 ची, आणि तशा नक्षीच्या फरशीची हौस पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगाव पसरली.

शेवटी खोल्यांची मांडणी. दर्शनी ओसरीला लागून लोखंडी गजांची खिडकी असलेली अरुंद खोली म्हणजे बहुधा वसुली. जाड दाराची, हवा नसलेली खोली म्हणजे तिजोरी किंवा दफ्तर. सभागृह वरच्या मजल्यावर आणि जिना बाहेरून असेल तर सभा ऐकायला येणाऱ्यांना कचेरीतून जावं लागू नये, असा हेतू असू शकतो. आता वर एक गोदाम असतं आणि जिन्याखाली निवडणुकीच्या पेट्या.

मनोऱ्यावरचं घड्याळ बंद आहे. त्याचं काही महत्त्व आहे का?

आहे, कारण 'वाजले किती' हाच एके काळी वादाचा विषय होता. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून लागू झाली, पण मुंबई शहराने आपली 39 मिनिटं मागची 'मुंबई टाइम' सोडायला नकार दिला आणि तिथल्या महापालिकेत ती 1955 पर्यंत रेंगाळली. लहान गावात रेल्वेचं घड्याळ एक वेळ दाखवायचं आणि गावाची वेळ वेगळी. पालिकेने घड्याळ बसवलं तेव्हा कोणती वेळ लावायची यावर चर्चा झाली असेल तर तो ठराव शोधण्यासारखा आहे.

घड्याळ नसलेल्या गावात भोंगा. सकाळचा, दुपारचा, संध्याकाळचा. शाळा, दुकानं, कुकर सगळं त्यावर चालायचं. भोंग्याच्या आठवणी लोक घड्याळापेक्षा जास्त आपुलकीने सांगतात. काही गावांत तो अजून वाजतो.

या इमारतीत 'महत्त्वाचं' असं काय घडलं असणार? शेवटी ही एक कचेरीच ना?

कचेरी, पण गावातलं पहिलं मतदान, पहिली जाहीर चर्चा आणि पहिला जाहीर विरोध याच कचेरीत झाला असण्याची शक्यता मोठी.

महात्मा फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सभासद होते. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी पैसे खर्चण्याचा विषय आला तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणत त्यांनी एकट्याने विरोध केला. मंडईच्या आलिशान इमारतीवरच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. पुढे 1886 मध्ये रे मार्केट म्हणून उघडलेल्या त्याच मंडईला आज त्यांचं नाव आहे. इमारती अशाही सूड उगवतात म्हणावं का?

महाडची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तिचा नगरपालिकेचा धागा निसटतो. 4 ऑगस्ट 1923 ला सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 5 जानेवारी 1924 ला चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांचं नाव या घडामोडींशी जोडलेलं आहे. ठराव झाला, पाणी मात्र मिळालं नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले ते या कागदावरच्या हक्काचं पाणी प्यायला. त्यानंतर 4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी नेमकी चार वर्षं झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाचा अस्पृश्यांच्या बाजूचा निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडला. एकाच नगरपालिकेचे परस्परविरोधी दोन ठराव साडेतीन वर्षांत होतात, आणि त्यांच्या मधल्या काळात देशाचा इतिहास घडतो. कचेरीच ना, म्हणणाऱ्याला हे सांगावं.

सोलापूर नगरपालिकेने 1930 मध्ये आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकवला. मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि पुढे 12 जानेवारी 1931 ला चार जणांना फाशी झाली. तुमच्या गावात एवढं घडलं नसेल. पण 1930 आणि 1942 ची ठरावबुकं उघडून झेंडा, अभिनंदन, निषेध, सभा तहकूब असे विषय नक्की पाहा. सभा तहकूब करण्याचं कारण कुणाच्या अटकेचं असेल, तर त्या एका ओळीमागे गावातली सहा महिन्यांची खळबळ असते.

नगराध्यक्षांच्या नावांच्या फलकावर मध्येच वर्षं गायब आहेत. चूक आहे का?

बहुधा नाही, तिथे प्रशासक होता. सरकारने नगरपालिका बरखास्त केली, किंवा मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही, की कारभार अधिकाऱ्याच्या हाती जातो आणि फलकावर जागा मोकळी राहते. 2022 च्या आसपास मुदत संपलेल्या अनेक पालिकांच्या फलकांवर अशी कित्येक वर्षांची फट आहे. शिवाय सुरुवातीच्या काळात कलेक्टर किंवा प्रांतच पदसिद्ध अध्यक्ष असल्याने काही फलक थेट पहिल्या बिनसरकारी अध्यक्षापासून सुरू होतात. बायकांची नावं कुठून सुरू होतात तेही पाहा. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून एक तृतीयांश जागा आणि महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. फलकाच्या शेवटच्या रांगा पहिल्या रांगांहून वेगळ्या का दिसतात, ते यावरून कळतं.

इमारतीखाली भुयार आहे आणि ते थेट किल्ल्यापर्यंत जातं, असं म्हणतात.

प्रत्येक गावात म्हणतात. इमारत जुन्या वाड्याच्या जागी असेल तर तळघर किंवा भिंतीतलं धान्य साठवायचं बळद असू शकतं. नसेल तर ते पावसाच्या पाण्याचं दगडी गटार. आख्यायिका लिहा, पण 'लोक सांगतात' असं लिहा आणि पोरांना आत उतरू देऊ नका.

शंभर वर्षं पूर्ण झाली. आता ती पाडता येणार नाही ना?

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. वय झालं म्हणून आपोआप संरक्षण मिळत नाही. केंद्राच्या 1958 च्या किंवा राज्याच्या 1960 च्या कायद्याखाली स्मारक म्हणून अधिसूचना निघाली पाहिजे, किंवा नगररचनेच्या नियमांनुसार शहराच्या वारसा यादीत, श्रेणीसह, नाव लागलं पाहिजे. 1995 ला मुंबईत वारसा नियमावली आली, आणि 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इतर शहरांसाठीही वारसा जतनाची तरतूद आहे.

गंमत अशी की यादी करायची स्थानिक संस्थेने, आणि इमारतीची मालकही तीच. पालिकेला त्या जागी व्यापारी संकुल हवं असेल तर ती स्वतःचं नाव यादीत कशाला घालेल? म्हणून मागणी नागरिकांकडून, लेखी, नकाशा-फोटोसह आणि पाडापाडीचा विषय सभेपुढे येण्याच्या आधी जायला हवी. 'धोकादायक' अशी पाटी लागली असेल तर संरचना तपासणीचा अहवाल मागा. तो चुन्याच्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याने केला आहे का ते पाहा. सिमेंटच्या इमारतीच्या कसोट्या लावल्या तर प्रत्येक जुनी भिंत नापास होते.

नवीन प्रशासकीय इमारत तयार आहे, पुढच्या महिन्यात स्थलांतर. आम्ही काय करावं?

इमारतीची काळजी नंतर करा, आधी दफ्तर वाचवा. जुने कागद वाळवीने जातात, पुराने जातात, पण एका दिवसात सर्वांत जास्त जातात ते स्थलांतरात. ट्रकच्या तिसऱ्या फेरीला कुणी तरी 'हे काय जुनंपानं, रद्दीत घाला' म्हणतं. मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या, ठरावबुकांची यादी मागा, त्यांचं डिजिटायझेशन स्थलांतराच्या आधी व्हावं असा आग्रह धरा, आणि हलवण्याच्या दिवशी दोघा-तिघांनी तिथे उभं राहा.

मग रिकामी इमारत. पन्हाळी साफ ठेवा आणि पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच काढा. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू देऊ नका, आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दगडाचा थर सुटतो. ऑइल पेंटचंही तेच. वापर चालू राहिला तर इमारत टिकते. वाचनालय, अभ्यासिका, जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी, काहीही चालेल. कुलूप लावलेली इमारत दोन पावसाळ्यांत गळायला लागते.

वयस्कर लोकांच्या आठवणी टिपायच्या आहेत. कुणाकडे जावं?

माजी नगराध्यक्षांकडे सगळेच जातात. त्यांच्याकडे फोटो असतात आणि ते भाषण देतात. त्यांच्याकडे जाच, पण आधी निवृत्त वसुली कारकून, पाणी सोडणारा वॉलमन, भोंगा वाजवणारा शिपाई, सफाई कामगारांच्या वस्तीतली जुनी मंडळी, आणि इमारतीसमोर तीन पिढ्या टपरी चालवणारं कुटुंब यांच्याकडे जा. 'इतिहास सांगा' म्हटलं की माणसं गप्प होतात. 'हजेरी कुठे घ्यायचे?', 'पगार कुठल्या खिडकीत मिळायचा?', 'आत बसायला परवानगी कुणाला होती?' असं विचारा. त्यांनी खिडकी दाखवली की फोटो काढा, आणि ती खिडकी आता बुजवलेली असेल तर त्या भिंतीचाही काढा.